पश्चात्तापाच्या आधी भरवसा: गोव्यातल्या मराठी पुराणापासून इंदूरच्या तुरुंगापर्यंत

(असोदा, जि. जळगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



विषयाचं नाव ऐकून काहींना प्रश्न पडला असेल. कॅथलिक धर्मातली देवाची दया आणि पश्चात्ताप, हा विषय असोद्यात कशासाठी? कारणं दोन आहेत. पहिलं कारण म्हणजे ओवी. हे बहिणाबाई चौधरींचं माहेर. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईची ओवी किती खोल जाते, हे या गावाला सांगायला नको. आणि कॅथलिक धर्मातला दयेचा विचार मराठीत पहिल्यांदा विस्ताराने मांडला गेला तो ओवीतच, चारशे वर्षांपूर्वी, ऐकणाऱ्या माणसांसाठी. दुसरं कारण म्हणजे हा प्रश्न कोणा एका धर्माचा नाही. "माझ्या हातून फार मोठं चुकलंय, आता मला माफी आहे का?" हे कधी ना कधी प्रत्येकाच्या मनात येतं. माणसं त्याचं उत्तर कसं शोधत आली, ते आज इतिहासातून बघू.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आपला साधारण समज असा असतो, की आधी पश्चात्ताप करायचा आणि मग त्याच्या मोबदल्यात क्षमा मिळते. कॅथलिक परंपरेच्या गाभ्यात क्रम थोडा वेगळा आहे. आधी दयेवरचा भरवसा, आणि त्या भरवशाच्या पोटी पश्चात्ताप. हा क्रम ज्या ज्या वेळी उलटा झाला, त्या त्या वेळी धर्माच्या नावाने भीतीचं राज्य आलं. गोव्यात आपल्या भाषेच्या माणसांनी दोन्ही गोष्टी अनुभवल्या.

दोन शिष्य, दोन शेवट

सुरुवात मूळ कथेपासून करू. येशूला पकडलं त्या रात्री त्याच्या दोन शिष्यांनी त्याचा घात केला. यहूदाने तीस चांदीच्या नाण्यांसाठी त्याला पकडून दिलं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण पेत्राने, म्हणजे ज्याला सगळ्यांत पुढचा शिष्य मानतात त्याने, कोंबडा आरवायच्या आत तीन वेळा सांगितलं की या माणसाला मी ओळखतच नाही.

आता गंमत बघा. गंमत म्हणजे हसण्याची नाही, विचार करण्याची. पस्तावा दोघांनाही झाला. मत्तयच्या शुभवर्तमानात यहूदाचा पस्तावा स्पष्ट लिहिलेला आहे. त्याने ती नाणी परत नेली, आपण निर्दोष माणसाचा घात केला हे कबूल केलं. म्हणजे चूक कळली, कबुली दिली, पैसेही परत केले. बाहेरून बघितलं तर पश्चात्तापाच्या सगळ्या पायऱ्या त्याने पूर्ण केल्या. आणि मग जाऊन गळफास घेतला. पेत्र मात्र बाहेर जाऊन ढसाढसा रडला आणि जगला. पुढे योहानाच्या शुभवर्तमानात, तळ्याकाठी, येशू त्याला तीनदा विचारतो की तुझं माझ्यावर प्रेम आहे का. तीन नकार होते, म्हणून तीन वेळा विचारणं. चुकीचा हिशोब तिथे कुणी मागितला नाही.

दोघांत फरक कुठे पडला? कॅथलिक धर्मचिंतकांनी शतकानुशतकं याचं उत्तर एकच दिलं आहे. यहूदाला आपलं पाप दिसलं, पण त्या पापापेक्षा दया मोठी असेल असं त्याला वाटलं नाही. पेत्राला वाटलं. नुसता पस्तावा माणसाला दोरखंडापर्यंतही नेऊ शकतो. त्याला वर काढतो तो भरवसा.

माफी किती वेळा?

कथेत हे सोपं वाटतं. समाज चालवायला लागलं की अवघड होतं. इसवी सन २५० मध्ये रोमन सम्राट डेशियसने हुकूम काढला, की प्रत्येकाने देवांना बळी अर्पण करावा आणि तसा दाखला घ्यावा. अनेक ख्रिस्ती माणसं घाबरली. कुणी बळी दिला, कुणी पैसे चारून दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर हीच माणसं चर्चच्या दारात उभी राहिली: आम्हाला परत घ्या.

भांडण पेटलं. ज्यांचे नातेवाईक तुरुंगात मेले होते, त्यांनी यांच्या शेजारी कसं बसायचं? रोममधला नोव्हेशियन हा विद्वान म्हणाला, असं पाप माफ करण्याचा चर्चला अधिकारच नाही. रोमचे बिशप कॉर्नेलियस आणि कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी उलट भूमिका घेतली: प्रायश्चित्त करवून घ्या, वेळ लागू द्या, पण दार बंद करू नका. नोव्हेशियनचा गट २५१ मध्ये वेगळा झाला. चर्चने दार उघडं ठेवण्याच्या बाजूने कौल दिला.

तरीही त्या काळी मोठ्या पापाचं प्रायश्चित्त चारचौघांत, वर्षानुवर्षं, आणि आयुष्यात एकदाच करता येई. मग लोक काय करायचे? मरणाच्या वेळेपर्यंत थांबायचे! पुढे सहाव्या-सातव्या शतकात आयर्लंडच्या मठवासीयांनी खाजगी पापनिवेदनाची पद्धत युरोपभर नेली. एकांतात, एका धर्मगुरूजवळ, आणि कितीही वेळा. १२१५ च्या लॅटरन धर्मसभेने वर्षातून किमान एकदा पापनिवेदन करणं प्रत्येकाला बंधनकारक केलं, आणि ऐकलेलं बाहेर फोडणाऱ्या धर्मगुरूला कडक शिक्षा ठेवली.

मग आली ट्रेंटची धर्मसभा. १५५१ मध्ये तिने पश्चात्तापाची व्याख्या केली. मनापासून दुःख, पापनिवेदन आणि भरपाई, अशी तिची तीन अंगं. पण तिथे एक छोटी अट आहे, तिच्याकडे लक्ष द्या. पापाचं दुःख माणसाला क्षमेसाठी तयार करतं ते केव्हा? त्या दुःखाला देवाच्या दयेवरचा भरवसा जोडलेला असेल तेव्हा. म्हणजे भरवसा नसेल तर नुसत्या दुःखाने भागत नाही. पेत्र आणि यहूदा यांच्यातला फरक धर्मसभेने कायद्याच्या भाषेत लिहून ठेवला.

हे मराठीत कसं सांगायचं?

आता आपल्याकडे या. १५७९ च्या ऑक्टोबरमध्ये थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज जेझुइट धर्मगुरू गोव्यात उतरला. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं तो गोव्यातच, मुख्यतः सासष्टीत राहिला. तिथल्या नवख्रिस्ती लोकांची अडचण साधी होती. जुनी पुराणं ऐकायला बंदी, आणि नवीन काही कानावर पडत नाही. रोजच्या जगण्यातली कथाच काढून घेतली तर माणूस मनाशी बोलणार कुठल्या शब्दांत?

स्टीफन्सने १६१६ मध्ये राचोल इथे आपलं पुराण छापलं. आपण त्याला 'क्रिस्तपुराण' म्हणतो. सुमारे अकरा हजार ओव्या, दोन भाग, मराठी भाषा, आणि छपाई मात्र रोमन लिपीत. पहिल्या भागात जगाच्या उत्पत्तीपासूनची जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात येशूचं चरित्र. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या पुढच्या आवृत्त्या निघाल्या. ज्यांना अक्षर येत नव्हतं, त्यांनीही ते पिढ्यान्‌पिढ्या ऐकलं.

ओवी का निवडली असेल? ओवीला पोथी लागत नाही, कान लागतो. ती हळूहळू पुढे जाते, थांबते, परत येते. धमकी देण्यासाठी तो छंद फारसा सोयीचा नाही. समजूत घालण्यासाठी मात्र फार चांगला. स्टीफन्सने स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द बेधडक वापरला. ज्या भाषेत देवाची कृपा, पतित, शरण हे शब्द भक्तीच्या परंपरेने आधीच मुरवून ठेवले होते, त्या भाषेत त्याला दयेची कल्पना नव्याने घडवावी लागली नाही.

त्याच्या मागोमाग आलेला दुसरा ग्रंथ आपल्या विषयाच्या आणखी जवळचा आहे. एत्येन द ला क्रुआ नावाच्या फ्रेंच जेझुइटाने १६२९ ते १६३४ या काळात पेत्राच्या जीवनावर मराठी ओवीबद्ध पुराण छापलं. बघा, नायक कोण निवडला? तोच, तीनदा नकार देणारा. या ग्रंथाची दुसरी बाजूही लपवायला नको. त्यात हिंदू धर्मकल्पनांचं खंडन आहे आणि ते बोचरं आहे. त्यासाठी लेखकाने आपल्या संतांचं आणि पुराणांचं साहित्य बारकाईने वाचलेलं दिसतं. म्हणजे एकाच ग्रंथात पडलेल्या माणसाला उचलून घेणारी कथा आहे आणि दुसऱ्याच्या श्रद्धेवर वारही आहे. त्या काळच्या गोव्याचं चित्र असंच दुहेरी होतं.

शब्दांचा एक पुरावा देतो. गोव्याच्या ख्रिस्ती कोकणीत ईश्वरी कृपेला आजही 'कुर्पा' म्हणतात. कृपा हाच शब्द. दयेला 'काकुळट' म्हणतात, म्हणजे आपली 'काकुळती'. आपण काकुळतीला येतो ते मागताना, तिथे काकुळट असते देणाऱ्याजवळ. पण पापनिवेदनाला शब्द कोणता? 'कुमसार'. तो पोर्तुगिजातून आला. दया आपल्या भाषेत राहिली, कबुलीची व्यवस्था मात्र बाहेरून आली. एका शब्दात इतिहास असतो तो असा.

आणि भाषेचा प्रश्न इथे जीव की प्राण होता. मनातलं काळं-पांढरं परक्या भाषेत कसं सांगणार? म्हणून १६०६ च्या गोव्यातल्या धर्मसभेने ठरवलं होतं, की स्थानिक भाषा शिकल्याशिवाय कुणाही धर्मगुरूकडे गावाची जबाबदारी देऊ नये. पण १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने नेमका उलटा हुकूम काढला: लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. ज्या भाषेत कृपा कळली होती, तीच गुन्हेगार ठरली.

एक शब्द, तीन घरं

त्या काळच्या गोव्यात 'दया' या शब्दाला तीन घरं होती, असं मला वाटतं. पहिलं घर पुराणाचं, ते पाहिलं. दुसरं घर 'मिझेरिकोर्डिया' नावाच्या संस्थेचं. नावाचा अर्थच दया. १४९८ मध्ये लिस्बनला सुरू झालेली ही गृहस्थांची संघटना गोव्यात आली, वसई आणि चौललाही होती. आजाऱ्यांची शुश्रूषा, अनाथांचा सांभाळ, मृतांना मूठमाती, आणि फाशी जाणाऱ्याला वधस्तंभापर्यंत सोबत करणं ही तिची कामं. ही सोबत महत्त्वाची आहे. ज्याला कुणी वाचवू शकत नाही, त्यालाही शेवटपर्यंत एकटं सोडायचं नाही.

तिसरं घर इन्क्विझिशनचं. गोव्यात हे धर्मन्यायालय १५६० मध्ये आलं आणि मधली काही वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत टिकलं. शार्ल देलों नावाचा फ्रेंच वैद्य त्याच्या कोठडीत होता. सुटून गेल्यावर त्याने १६८७ मध्ये आपला अनुभव छापला. तो सांगतो, की आरोपीला आरोप सांगत नसत, फिर्यादी कोण तेही सांगत नसत. तुझं तूच आठव आणि कबूल कर. कबुली कमी पडली की ती अपुरी ठरे, आणि अपुरी कबुली म्हणजे पश्चात्ताप खोटा. शिक्षेच्या दिवशी जी मिरवणूक निघे, तिच्या पुढच्या निशाणावर संत डॉमिनिकचं चित्र. एका हातात तलवार, दुसऱ्या हातात ऑलिव्हची फांदी. आणि खाली शब्द दोन: न्याय आणि दया.

त्या निशाणावर शब्द दयेचाच आहे. मग बिघडलं कुठे? क्रम उलटा झाला. आधी कबुली दे, पूर्ण दे, आम्हाला पटेल अशी दे, मग दयेचं बघू. पश्चात्ताप हा दयेचा दर झाला, आणि दर ठरवणारा माणूस टेबलाच्या पलीकडे बसलेला. भरवसा ठेवायला जागाच उरली नाही. अंधारात बसलेला कैदी काय करत असेल? आपल्या पापाची नव्हे, तर समोरच्याला काय हवंय याची आठवण काढत असेल. ट्रेंटच्या धर्मसभेने जी अट घातली होती, ती तिच्याच चर्चच्या न्यायालयात अशी मोडली गेली. इथे मरण पावलेल्या, देशोधडीला लागलेल्या माणसांत आपल्याच बोलीची माणसं पुष्कळ होती. हे विसरून दयेवर गोड गोड बोलणं बरोबर होणार नाही.

"मग काय, पाप करा आणि माफी मागा?"

हा आक्षेप कायम येतो आणि रास्त आहे. दया आधीच ठरलेली असेल, तर माणूस सुधारेल कशाला?

याचं जुनं उत्तर 'भरपाई' या शब्दात आहे. चोरी केली असेल तर कबुलीने माल आपला होत नाही, तो परत करावा लागतो. एक उदाहरण सांगतो. स्पॅनिश धर्मगुरू बार्तोलोमे दे लास कासास याने १५५२ मध्ये पापनिवेदन ऐकणाऱ्यांसाठी नियम छापले. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना राबवून श्रीमंत झालेला जमीनदार कबुलीला आला, तर त्याने लुटलेलं परत करण्याची कायदेशीर हमी दिल्याशिवाय त्याला पापमुक्ती देऊ नका, असं त्यात म्हटलं होतं. अगदी मरणशय्येवर असला तरी! वसाहतींत मोठा गदारोळ उठला. तर दया फुकट आहे याचा अर्थ ती स्वस्त आहे असा नाही. भरवसा ठेवणारा माणूस नुकसान भरून द्यायला धजावतो, कारण देऊन टाकल्यावर आपण संपणार नाही हे त्याला माहीत असतं. घाबरलेला माणूस लपवतो. हे घरातही दिसतं. ज्या घरात मार बसणार हे नक्की, तिथलं पोर फुटलेल्या बरणीचे तुकडे दडवून ठेवतं.

विसावं शतक

अलीकडच्या काळात या विचाराला जगभर चेहरा दिला तो पोलंडमधल्या एका तरुण जोगिणीने. फाउस्टिना कोवाल्स्का तिचं नाव. जन्म १९०५, शाळा जेमतेम तीन इयत्ता, मठात स्वयंपाक, बागकाम आणि दारावरचं काम. १९३१ मध्ये तिला येशूचं दर्शन झालं असं तिने रोजनिशीत लिहिलं: छातीतून दोन किरण निघताहेत, एक लाल, एक फिकट. त्या चित्राखाली लिहायचं होतं, की येशू, माझा तुझ्यावर भरवसा आहे. त्या ओळीत माझं पाप किती, माझा पस्तावा किती, यातलं काहीच नाही. ती १९३८ मध्ये क्षयाने गेली, वय तेहतीस. वर्षभरात पोलंडवर युद्ध कोसळलं. त्याच युद्धात देशोधडीला लागलेले हजारो पोलिश निर्वासित कोल्हापूरजवळ वळिवडे इथे येऊन राहिले होते, हे आपल्यापैकी काहींना माहीत असेल.

तिच्या लेखनावर आधारलेल्या भक्तीवर १९५९ मध्ये खुद्द व्हॅटिकनने बंधनं घातली आणि १९७८ मध्ये ती उठवली. ३० एप्रिल २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला संत घोषित केलं आणि ईस्टरनंतरचा रविवार दयेचा रविवार ठरवला. त्याच वर्षी १२ मार्चला याच पोपनी रोममध्ये जाहीर प्रार्थना करून चर्चच्या लोकांच्या हातून घडलेल्या पापांची क्षमा मागितली होती. सत्याच्या नावाखाली वापरलेल्या बळजबरीचा त्यात उल्लेख होता. दुसऱ्यांकडून शतकानुशतकं कबुली मागणारी संस्था स्वतः कबुलीला उभी राहिली. तेवढ्याने गोव्यातल्या त्या कोठड्यांचा हिशोब मिटतो का? नाही. भरपाईचा प्रश्न उरतोच. पण दिशा बरोबर होती.

आपल्याकडेही बदल झाले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७३ च्या नव्या विधीत, 'समेट' या शब्दावर भर आला आणि पापमुक्तीचे लॅटिन शब्द लोकांच्या भाषेत आले. आपला जळगाव-धुळ्याचा भाग कॅथलिक व्यवस्थेत १९८७ पासून नाशिक धर्मप्रांतात येतो. इथला कॅथलिक माणूस आज पापनिवेदन करतो ते मराठीत, आणि त्याला क्षमेचे शब्द ऐकू येतात तेही मराठीतच. १६८४ च्या हुकुमाला मिळालेलं हे शांत उत्तर आहे.

इंदूरचा तुरुंग

शेवटची गोष्ट आपल्या शेजारची. इथून बऱ्हाणपूर, खंडवा करत वर गेलं की इंदूर, देवासचा मुलूख लागतो. देवास जिल्ह्यात उदयनगर भागात राणी मारिया नावाची केरळची एक फ्रान्सिस्कन सिस्टर काम करत होती. भूमिहीन आणि आदिवासी लोकांना ती बचत शिकवी, सावकाराच्या पाशातून सोडवी. ज्यांचं त्यात नुकसान होत होतं त्यांनी एका तरुणाला गाठलं. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी त्याने चालत्या प्रवासात, बसमधल्या लोकांदेखत, तिच्यावर चाकूचे वार केले. ती जागीच गेली. त्याला जन्मठेप झाली.

तुरुंगात तो पस्तावला होता का? सुरुवातीला त्याच्या डोक्यात सूड होता. ज्याने आपल्याला या कामाला लावलं आणि मग वाऱ्यावर सोडलं, त्याचा सूड. तिथे एक धर्मगुरू त्याला भेटत राहिले. आणि २००२ मध्ये राणी मारियाची सख्खी धाकटी बहीण, तीही सिस्टर, राखी घेऊन तुरुंगात गेली. ज्या हातात चाकू होता, त्याच हाताला तिने राखी बांधली. पुढे तिच्या घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी शब्द टाकला. २००६ मध्ये तो सुटला, आणि केरळात जाऊन त्या म्हाताऱ्या आईलाही भेटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला राणी मारियाला 'धन्य' घोषित करण्यात आलं.

यातला क्रम पाहा. राखी बांधायला आलेल्या बाईने आधी त्याची कबुली तपासली नाही. तुझा पश्चात्ताप पुरेसा आहे का, असं विचारलं नाही. दया आधी आली. मनातला सूड गळून पडला आणि पश्चात्ताप फुटला तो त्या ओलाव्यावर. दोन मुलखांच्या सीमेवर, आपल्याच सणाच्या दिवशी, पेत्राच्या कथेचा अर्थ एका कैद्याला कळला, आणि त्यासाठी त्याला कुठला ग्रंथ वाचावा लागला नाही.

तेव्हा दयेचं नाव घेणारी कुठलीही व्यवस्था पारखायची असेल, मग ती चर्चची असो, पंचायतीची असो की घरातली, तर एकच प्रश्न विचारा: इथे माणूस आपली चूक सांगायला धजावतो का? धजावत असेल तर दया खरी. धजावत नसेल, तर निशाणावर काहीही लिहिलेलं असो.